टेकू कुठे, अंतर किती? हाडं, सांधे आणि हालचाल शिकताना पहिली पावलं

आमच्या ठाण्यात पहाटे नळाला पाणी येतं आणि नऊच्या सुमारास माझा फोन वाजतो. "मॅडम, कंबर धरली हो." पाणीकपात असली की दुसऱ्या दिवशी हमखास. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नौपाडा आणि कोपरीच्या बाजूला घरी जाऊन उपचार करते आणि रविवारी सकाळी नवख्या मंडळींना शरीराच्या हालचालींमागचं यंत्रशास्त्र शिकवते. योगवर्ग घेणाऱ्या काकू येतात, जिममधले ट्रेनर येतात, फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला धास्तावलेली मुलं येतात. पहिल्या दिवशी प्रश्न ठरलेला : "किती किलोपर्यंत उचललेलं चालतं?"

किलो नंतर. आधी हे विचारा, की ते वजन सांध्यापासून किती लांब आहे. सगळा विषय या एका प्रश्नाभोवती फिरतो, आणि तो वाचून कळत नाही, हाताने करून कळतो. शिवणाची टेप, पाण्याची दोन लिटरची बाटली, एक खुर्ची आणि फोन एवढं जवळ घ्या.

पायरी १ : हाड हातात घेऊन बघा

मटण-चिकन खाणाऱ्यांनी जेवण झाल्यावर कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं स्वच्छ धुऊन ठेवावीत. एक हाड बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवा, मधे एकदा व्हिनेगर बदला. चार-पाच दिवसांनी काढलंत तर ते रबरासारखं वाकेल. आम्लाने हाडातलं कॅल्शियमचं खनिज विरघळवून नेलं, मागे उरला तो कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा धागा. दुसरं हाड निखाऱ्यावर पांढरं होईपर्यंत भाजलं तर उलटं घडतं : धागा जळतो, खनिज राहतं आणि हाड बोटांच्या चिमटीत खडूसारखं चुरतं. (हा दुसरा प्रयोग फ्लॅटमध्ये करू नका. मी केला होता. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि सोसायटीच्या ग्रुपवर माझं नाव झालं.)

श्रावणात वाचत असाल किंवा शाकाहारी असाल तर घोडबंदर रोडवर कुठल्याही बांधकामासमोर उभे राहा. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून त्यात सळया घालतात. हाडाचं तेच आहे. खनिज म्हणजे काँक्रीट, कोलॅजेन म्हणजे सळई. वजनाने पाहिलं तर हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो. म्हणून हाड दाबाला सगळ्यात पक्कं, ताणाला त्याहून कमी, आणि पिळायला किंवा कातरायला गेलं तर सगळ्यात कच्चं. पाय जमिनीत रुतलेला आणि अंग वळलेलं, अशा पडण्यात नडगीचं हाड तिरकं, पिळवटल्यासारखं मोडतं ते यामुळेच.

हाड मधोमध तोडून बघितलंत तर ते नळीसारखं पोकळ दिसेल. काठी वाकते तेव्हा एका कडेला ताण पडतो, समोरच्या कडेला दाब, आणि मध्यभागाला जवळजवळ काहीच काम नसतं. तिथे माल भरणं म्हणजे नुसतं ओझं. बांबूलाही हे ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र काँक्रीटला जमत नाही. हाड जिवंत आहे, ते पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला पुन्हा घडवतं. बर्लिनचे शल्यविशारद ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हा नियम मांडला. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का उतरते, कारण तिथे त्यावर भारच नसतो. "हाडं झिजतील म्हणून मी जिना चढत नाही" असं सांगणाऱ्या मावशींना मी हे दोन दाखले देते. त्यांना टेनिसचा पटत नाही, अंतराळवीरांचा पटतो.

पायरी २ : बिजागरी नेमकी कुठे आहे ते शोधा

शाळेत तीन नावं पाठ केली होती : बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा, सरकता सांधा. नावं बरोबर आहेत, पण जागा विचारली की गडबड होते. "खुब्याचा सांधा दाखवा" म्हटलं की दहातले आठ जण कमरेच्या पट्ट्याजवळ हात ठेवतात, उरलेले मांडीच्या बाहेरच्या टणक उंचवट्यावर. तो उंचवटा मांडीच्या हाडाचाच आहे, पण सांधा तिथे नाही. उभं राहून एक गुडघा पोटाकडे उचला. जांघेत जिथे घडी पडते, तिथे बोट ठेवा. त्या घडीच्या मध्यावर, आत खोल, उखळीत बसलेला गोळा आहे.

ही जागा चुकली की पुढचं सगळं चुकतं. जो माणूस बिजागरी कमरेत आहे असं धरून चालतो, तो वाकतानाही कमरेत वाकतो. आता जांघेच्या घडीवर दोन्ही हातांच्या कडा ठेवा आणि हात मिटतील अशा बेताने मागे बसल्यासारखं वाका. पाठ फारशी गोल न होताच तुम्ही निम्मे खाली गेलात. शहापूर-मुरबाडकडे पावसात भाताची लावणी करणाऱ्या बायका पाहा, गुडघे जवळजवळ ताठ आणि घडी खुब्यात. त्यांची कंबर दुखत नाही असं मुळीच नाही, दिवसभर तसं राहिल्यावर कोणाचीही दुखेल. पण घडी कुठे घालायची हे त्यांना शिकवावं लागत नाही.

गुडघ्याला आपण बिजागरी म्हणतो, तीही पुरती खरी नाही. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात ठेवा, वाटीच्या खाली नडगीवर जो टणक उंचवटा लागतो त्यावर बोट ठेवा आणि पाऊल आत-बाहेर वळवा. उंचवटा बोटाखाली सरकतो. म्हणजे वाकलेला गुडघा थोडा गिरकीही घेतो. आता पाय पूर्ण ताठ करून हेच करून बघा, गिरकी बंद. ताठ होताना शेवटच्या टप्प्यात नडगीचं हाड किंचित बाहेर वळून कुलूप लावल्यासारखं बसतं. म्हणून आपण रांगेत तासभर उभे राहू शकतो आणि मांडीचे स्नायू फारसे दमत नाहीत.

सांध्याच्या आत काय असतं ते थोडक्यात सांगते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, मधे वंगणाचा पातळ थर. हे घर्षण इतकं कमी, की बर्फावर बर्फ सरकावा त्याहूनही कमी. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. दाबली की स्पंजसारखी पिळली जाते, सोडली की वंगणातून पोषण शोषते. हालचाल हेच तिचं जेवण.

बोटं मोडल्याने सांधे बिघडतात का, हा प्रश्न दर रविवारी येतो. कड्‌कन आवाज येतो तो वंगणात वायूची पोकळी तयार होण्याचा. अमेरिकेतले डॉक्टर डोनाल्ड अंगर यांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि मग दोन्ही हात ताडून पाहिले. संधिवात कुठल्याच हातात नव्हता. २००९ मध्ये त्यांना विनोदी संशोधनासाठीचा इग नोबेल मिळाला. एका माणसाच्या दोन हातांवरून शास्त्र ठरत नाही हे खरं, पण नातवाची दृष्ट काढून कानशिलावर कडाकड बोटं मोडणाऱ्या आज्यांनी काळजी करू नये.

पायरी ३ : बाटली आणि टेप

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

तरफ आठवते? टेकू, भार आणि बल. टेकू मधे तर ती कात्री, भार मधे तर अडकित्ता, बल मधे तर चिमटा. शरीरात तिन्ही सापडतात. मान ही कात्रीच्या जातीची : टेकू सर्वांत वरच्या मणक्यावर, चेहऱ्याचा भार पुढे, ओढणारे स्नायू मागे. डोक्याचं वजन टेकूच्या जरा पुढेच पडतं, म्हणून लोकलमध्ये डुलकी लागली की स्नायू सैल पडतात आणि हनुवटी छातीवर येते. चवड्यांवर उभं राहणं हे अडकित्त्यासारखं. आणि कोपर म्हणजे चिमटा. हातापायातल्या बहुतेक तरफा या चिमट्याच्या जातीच्या आहेत.

कोपर काटकोनात वाकवून, दंड अंगाला चिकटवून तळहातावर बाटली धरा. कोपराच्या खळगीत दोरीसारखी ताठ झालेली कंडरा लागेल, तीच दंडाच्या स्नायूची ओढ पुढच्या हाताच्या हाडापर्यंत पोचवते. सांध्याच्या मध्यापासून तिचं अंतर ढोबळमानाने ४ सेंटिमीटर धरा. आता कोपरापासून तळहाताच्या मध्यापर्यंत टेप लावा. माझं ३४ भरतं.

हिशेब असा : बाटली २ किलो गुणिले ३४, भागिले ४. उत्तर १७. म्हणजे २ किलोसाठी स्नायूला १७ किलोंइतकी ओढ लावावी लागते. त्यात हाताचं स्वतःचं वजन आहेच. ६० किलोंच्या माणसाचा कोपराखालचा हात सुमारे १.३ किलोंचा, त्याचा भारमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू) कोपरापासून अंदाजे १६ सेंटिमीटरवर, म्हणजे आणखी ५ किलो. एकूण २२ किलो, दोन किलोंच्या बाटलीसाठी! सतराव्या शतकात इटलीच्या जोव्हान्नी बोरेल्ली यांनी हा हिशेब मांडला तोपर्यंत समज असा होता, की स्नायू थोड्या बळात मोठं ओझं उचलतात. प्रत्यक्षात उलटं निघालं.

मग शरीराने इतका तोट्याचा व्यवहार का केला? वेगासाठी. स्नायू १ सेंटिमीटर आखडला तर तळहात साडेआठ सेंटिमीटर फिरतो. दगड भिरकावायचा, विटीला टोला हाणायचा, तर हाच व्यवहार फायद्याचा.

आता तीच बाटली पिशवीत घालून कोपराच्या खळगीजवळ, ८ सेंटिमीटरवर अडकवा. २ गुणिले ८, भागिले ४. फक्त ४ किलो. जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन निघालेल्या बायका पिशवी हातात न धरता कोपराला अडकवतात, त्यांनी हा भागाकार केव्हाच केलेला आहे. आणि उलट बाजूने अनुभव घ्यायचा तर हात सरळ पुढे करून बाटली धरा. टेकू खांद्यात गेला, अंतर साठ सेंटिमीटरच्या आसपास झालं. मिनिटभरात हात थरथरायला लागेल. बाटली तीच आहे.

पायरी ४ : बादली

अगदी सुरुवातीला फोनवरच्या कंबर धरलेल्या माणसाला तसंच सोडलं होतं, आता त्याच्याकडे येऊ.

माणूस ६० किलोंचा धरा. कमरेच्या वरचं अंग सुमारे ३५ किलो. वाकल्यावर या भागाचा भारमध्य कमरेच्या खालच्या मणक्यापासून २५ सेंटिमीटर पुढे जातो असं समजू. पाठीचे स्नायू त्या मणक्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर. ३५ गुणिले २५ भागिले ५ म्हणजे १७५ किलोंची ओढ, तीही रिकाम्या हाताने, नुसतं वाकल्यावर. आता १५ लिटरची भरलेली बादली हात लांब करून, ४५ सेंटिमीटरवरून उचला : आणखी १३५. बेरीज ३१०.

तीच बादली दोन पावलांच्या मधे घ्या, गुडघे थोडे वाकवा, घडी जांघेत घाला. अंग १५ सेंटिमीटरच पुढे जातं, बादली २० वर येते. १०५ अधिक ६०, म्हणजे १६५. जवळपास निम्मं. आणि गंमत अशी, की बादली अर्धीच भरून पण लांबूनच उचललीत तर हिशेब २४२ च्या घरात जातो. म्हणजे लांबची अर्धी बादली जवळच्या पूर्ण बादलीपेक्षा जड!

हे आकडे ढोबळ आहेत. खऱ्या माणसात पोटातला दाब आणि हाडांना हाडांशी बांधणारे अस्थिबंधही हातभार लावतात. आणि यावरून "कमरेत कधीच वाकू नका" असा अर्थ काढू नका. तसे फलक लावणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. पाठ वाकण्यासाठीच आहे, नाहीतर कमरेत पाच, छातीत बारा आणि मानेत सात असे सुटे मणके कशाला दिले असते? सवय नसताना, घाईत, लांबून उचलण्याने घात होतो.

त्यात पहाटेची वेळ. मणक्यांमधल्या गाद्या रात्री आडवं पडल्यावर पाणी शोषून फुगतात आणि दिवसभर दाबाखाली ते पाणी गमावतात. उठल्याउठल्या दाराच्या चौकटीला टेकून पेन्सिलने उंचीची खूण करा, झोपण्यापूर्वी पुन्हा करा. एक ते दीड सेंटिमीटरचा फरक सहज दिसतो. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते, आणि नळाला पाणी नेमकं तेव्हाच येतं. त्यावर नगरपालिकेच्या काळापासून उपाय निघालेला नाही. तुम्ही मात्र उठून दहा-पंधरा मिनिटं घरात फिरा, चहा ठेवा, मग बादलीला हात घाला.

पायरी ५ : एका पायावर

एक पाय उचलून उभे राहा. ६० किलोंपैकी टेकलेल्या पायाचे दहा वजा केले तर ५० किलो त्या एका खुब्यावर तोलायचे आहेत. शरीराची मध्यरेषा खुब्यापासून १० सेंटिमीटरवर, आणि तोल धरणारे कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू ५ सेंटिमीटरवर. म्हणजे स्नायूंची ओढ १०० किलो. सांध्यावर दोन्ही मिळून १५० : वजनाच्या अडीचपट. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण हेच घडत असतं.

आता काठी. उजवा खुबा दुखत असेल तर काठी कुठल्या हातात? तलावपाळीला संध्याकाळी फेरी मारा, निम्म्याहून जास्त आजोबा दुखऱ्या बाजूलाच काठी धरलेले दिसतील. काठी विरुद्ध हातात हवी. डाव्या हातातली काठी उजव्या खुब्यापासून ४० सेंटिमीटरवर टेकते. तिच्यावर फक्त ५ किलो रेटा दिला तरी ५ गुणिले ४० भागिले ५, म्हणजे स्नायूंची ४० किलोंची ओढ वाचली. सांध्यावरचे १५० घटून १०५ होतात. पाच किलोंत पंचेचाळीस!

पिशवीचा नियम मात्र उलटा. ती दुखऱ्या बाजूच्या हातात धरायची. चांगल्या बाजूला धरली तर तिचा भार दुखऱ्या खुब्यापासून सगळ्यात लांब पडतो आणि स्नायूंना जास्तच ओढावं लागतं. हे लोकांना पटायला महिना लागतो.

जिने : थोडक्यात

स्टेशनचा पूल चढताना धाप लागते, म्हणून चढणं जड वाटतं. गुडघ्याला मात्र उतरणं जड जातं. मोजमापाची यंत्रणा बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांवरून असं दिसलं, की सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार येतो, जिना चढताना ३.२ पट, उतरताना ३.५ पट. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. येऊर चढून-उतरून आल्यावर मांड्या त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतात, त्या या ब्रेक लावण्याने. दोन गुडघ्यांपैकी एक दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

पायरी ६ : तोल

उभ्या माणसाचा भारमध्य बेंबीच्या थोडा खाली, माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडासमोर असतो. तिथून सोडलेला ओळंबा दोन पावलांनी घेरलेल्या जागेत पडला, की तोल टिकला. खुर्चीवर ताठ बसा, पावलं गुडघ्यांच्या पुढे ठेवा आणि पुढे न झुकता उठून दाखवा. जमणार नाही, कितीही व्यायाम करत असा. ओळंबा खुर्चीत पडतोय, पावलांत नाही. पावलं मागे घ्या, नाक गुडघ्यांच्या पुढे न्या, आणि उठा. ज्येष्ठांना "जोर लावा" म्हणण्यापेक्षा "पाय मागे घ्या" म्हणा.

लोकलमध्ये धक्का गाडीच्या दिशेने पुढे-मागे बसतो, म्हणून हे नीट समजून घ्या. पावलांमधलं अंतर गाडीच्या दिशेने वाढवायचं. दाराकडे तोंड असेल तर पाय फाकून, गाडीच्या दिशेने तोंड असेल तर एक पाय पुढे, एक मागे. गुडघे किंचित सैल. मुलुंडच्या आधी गाडीने ब्रेक मारला तर फरक लगेच कळेल.

ठाण्याच्या दहीहंडीतही हेच बघा. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने इथे नऊ थर लावले, उंची ४३ फुटांच्या वर. खालच्या थरातल्यांचे पाय ताठ, कारण सरळ गुडघ्यावरून भार हाडाहाडांतून जमिनीत उतरतो. गुडघा थोडा वाकला की सगळं ओझं मांडीच्या स्नायूवर. वर जाणाऱ्याचा पाय खांद्याच्या टोकावर न पडता मानेजवळ पडला तर खालच्याला अंतर कमी सोसावं लागतं. थर कोसळतो तेव्हा कोणीतरी कुठेतरी मधल्या रेषेबाहेर गेलेलं असतं.

पायरी ७ : फोनने बघायला शिका

ओळखीच्या माणसाला विचारूनच त्याच्या खुब्याच्या उंचवट्यावर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि घोट्यावर टिकल्या लावा. स्लो मोशनमध्ये बाजूने व्हिडिओ घ्या, फोन हातात न धरता गुडघ्याच्या उंचीवर टेकवून. एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक चक्र. त्यात साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर, ४० टक्के हवेत. दुखरा पाय असेल तर त्याचा जमिनीवरचा वेळ कमी भरतो. लंगडणं म्हणजे एवढंच. मग मागून व्हिडिओ घ्या. पाय उचलल्यावर त्या बाजूचा कुल्ला खाली पडत असेल, तर टेकलेल्या पायाच्या खुब्याचे स्नायू कमी पडताहेत. पाचव्या पायरीतले ते १०० किलो त्यांना जमत नाहीत.

एवढ्यावरून कोणावर उपचार करायला जाऊ नका. पायात मुंग्या किंवा बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, पडल्यानंतर पाय टेकता न येणं, रात्री झोपेतून उठवणारी दुखणी, यांत तरफेचा हिशेब मांडत बसू नये. सरळ डॉक्टर गाठावा.

पहिला व्हिडिओ स्वतःचाच घ्या. मी घेतला तेव्हा उजवा खांदा दोन बोटं वर चढलेला दिसला. उपचारांच्या सामानाची बॅग घसरू नये म्हणून मी कितीतरी वर्षं तो उचलून चालत होते आणि संध्याकाळी मान का आखडते हे इतरांना विचारत होते.